मुलगी तीच आहे ना?

बसवनगुडी, बेंगळूरु
९ जून २०२५

चि. शंतनु,

एकाच गावात राहून ही अक्कामावशी पोस्टाने पत्र का टाकते, असं तुला वाटेल. आमच्या घरात फोन एकच. तो हॉलमध्ये असतो आणि हॉलमध्ये दिवसभर हे असतात. मला जे विचारायचं आहे ते यांच्यासमोर बोलायची सोय नाही. म्हणून लिहिते. तूही उत्तर घरी पाठवू नकोस. शेजारच्या अंबुबाईंचा पत्ता पाकिटावर दिलाय, त्यावर पाठव. त्यांना मी सांगून ठेवलंय.

परवा अंबुबाईंच्या नातीचा वाढदिवस होता. सगळ्यांना घेऊन त्या तुझ्या रंगलोक पार्कला गेल्या आणि मलाही ओढलं. मी म्हटलं, आमच्या मावसबहिणीचा मुलगा तिथेच असतो, तिथली नाटकं तोच लिहितो. मग तर चलाच, म्हणाल्या. पाळण्यात वगैरे मी बसले नाही. दुपारचा तो मोठ्या मांडवातला खेळ मात्र बघितला. बाहेर बोर्ड होता, 'स्वप्नोत्सव'. एक काळा राक्षस येतो, सगळा उजेड चोरतो आणि एका मुलीला कमळात कोंडून ठेवतो. मग तो मोठ्या कानांचा ससा लोकांना सांगतो, तिला हाक मारा, तुमच्या हाकेनं ती येईल. मी निवांत चिवडा खात होते. आणि स्पीकरमधून नाव आलं, सुखदा.

शंतनु, सगळा मांडव माझ्या मुलीला हाका मारत होता. सुखदा, बारे. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या हाकेला कमळ उघडलं आणि ती आली. तोंडाला सगळा चंदेरी रंग, काही ओळखू येत नव्हतं. पण चालताना डावा खांदा स्वल्प खाली. आमच्या सुखदाचा जातो तसाच. माझ्या हातून चिवडा सांडला असं अंबुबाई म्हणतात, मला आठवत नाही.

आता खरं काय ते सांग. हे नाव तू उगाच ठेवणार नाहीस. ती तुला भेटते ना? ती स्टेजवरची तीच आहे ना? आईला सांगू नकोस अशी तिनं शपथ घातली असेल तर जास्त काही लिहू नकोस. नुसतं 'हो' लिही. पत्ता नको, नंबर नको. चार वर्षं झाली रे, ती बरी आहे एवढंसुद्धा कुणी सांगितलेलं नाही.

वाट बघते.
अक्कामावशी


कनकपुरा रस्ता
१५ जून २०२५

ती. अक्कामावशी,

नाही. ती सुखदा नाही. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर मी घोळवत बसलो तर तू तेवढ्या चार ओळी जास्त आशेवर राहशील.

कमळातून येते ती यशश्री, नागपूरची मुलगी. तिच्या पंखांमध्ये दिवे आहेत आणि त्याची बॅटरी पाठीवर डावीकडे बांधलेली असते. म्हणून खांदा खाली जातो. सुखदा कुठे आहे मला खरंच माहीत नाही. तिचा जुना नंबर मी कितीदा लावून पाहिलाय. आता तो कुणा भलत्याच माणसाचा आहे आणि तो माणूस मला आवाजावरून ओळखायला लागलाय.

नावाचं कसं झालं ते सांगतो. मी इथे नवीन आलो तेव्हा यांना दोन दिवसांत स्क्रिप्ट हवं होतं. इथली पद्धत अशी की लिहिताना पात्राला काहीतरी कामचलाऊ नाव द्यायचं, नंतर मुंबईचं ऑफिस ते बदलतं. मला कुणालातरी हाक मारल्याचं लिहायचं होतं, आणि हाक म्हटलं की मला तुझीच आठवते. सुट्टीत आम्ही बगल रॉकच्या खडकांवर उंडारायचो आणि अंधार पडायला लागला की तू फाटकात उभी राहून 'सुखदा, बारे' म्हणायचीस. मराठीत 'ये गं' नाही, हाक कानडीतच. मला कधी हाक मारली नाहीस, भूक लागली की हा येतोच असं म्हणायचीस. ते वाक्य मी जसंच्या तसं लिहून टाकलं. ऑफिसनं खेळाच्या शीर्षकावर तीन मीटिंगा घेतल्या, आतलं नाव कुणी वाचलंसुद्धा नाही. तसंच रेकॉर्ड झालं.

त्यानंतर दर सीझनला खेळाचं नाव बदलतं. आधी 'जादुई उत्सव' होतं, मग 'रंगोत्सव', मग 'स्वप्नोत्सव'. स्वप्न, जादू, रंग, उत्सव. एवढ्या चार शब्दांचे पत्ते पिसायचे, एक पान काढायचं आणि नवा बोर्ड लावायचा. वार्षिक पासवाल्यांना वाटतं नवीन खेळ आला. आत आवाज तोच, राक्षस तोच, ससा तोच, कारण बोर्ड रंगवणं स्वस्त आणि रेकॉर्डिंग महाग. आणि हे फक्त आमच्याकडे नाही. मला दुसऱ्या गावांतले पार्क बघायला पाठवलं होतं, शिकायला म्हणून. सगळीकडे कुणीतरी काहीतरी चोरतं, सगळीकडे लोकांना टाळ्या वाजवायला लावतात, सगळीकडे शेवटी रंगीत कागद उडतात. पुण्यात माझ्या एकांकिकेला लोक संपल्यावर खुर्चीतून उठायचे नाहीत. आता ससा 'अजून ऐकू नाही आलं' म्हणतो, ते वाक्य माझं आहे.

मी तुझा विचारच केला नाही, मावशी. ते नाव तुझ्या कानावर पडेल असं डोक्यातच आलं नाही. रागाव माझ्यावर.

तुझा,
शंतनु


बसवनगुडी
२७ जून २०२५

चि. शंतनु,

रागावले. अंबुबाईंच्या ओसरीवर बसून पत्र वाचलं आणि तुला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. बॅटरीपेक्षा दुसरं काहीतरी कारण तुला सुचलं नाही का, असं वाटलं. मग दोन-चार दिवसांनी उठले आणि एकटीच परत तुझ्या खेळाला गेले.

ती ती नाही. सरी, मानलं. पण नाव तर तिचंच आहे ना.

तुला कुणी सांगितलं असेल नसेल, साखरपुडा मोडून ती गेली त्या संध्याकाळी हे म्हणाले, या घरात हे नाव पुन्हा निघता कामा नये. एकदाच म्हणाले, आवाजसुद्धा चढवला नाही. तेव्हापासून निघालेलं नाही. पूजेला आचार्य घरातल्यांची नावं विचारतात, तेव्हा हे स्वतः सांगतात, आपलं, माझं, जयतीर्थाचं, सुनेचं. तिच्या जागी श्वाससुद्धा अडकत नाही यांचा. जयतीर्थ अमेरिकेतून फोन करतो तर तोही 'ती' म्हणतो. मी मनात घेते, रोज घेते. पण मनात घेणं वेगळं आणि घशातून काढणं वेगळं. एकदा न्हाणीघरात नळ सोडून मोठ्यानं म्हणून बघितलं, तर बाहेरून विचारलं, कुणाशी बोलतेस.

तुझ्या मांडवात मी उभी राहून ओरडले. शेजारी एक केस वाढवलेला मुलगा होता, ऑफिसची पट्टी गळ्यात. तो हसला आणि म्हणाला, आंटी, फुल जोश. मी म्हटलं, हो बाबा, फुल जोश. एवढ्या मोठ्या बेंगळूरात मला माझ्या मुलीला हाक मारायला ही एकच जागा आहे, आणि ती तू केलीस, चुकून का होईना. तेव्हा रागावून करू काय.

मला तो वार्षिक पास काढून देशील का? मंगळवारी हे जेवून बँकेत जातात आणि तिथून एका मित्राकडे. ऊन असो पाऊस असो, ती लांब दांड्याची काळी छत्री घेऊन निघतात. त्यांच्यामागून मीही निघू शकते. नॅशनल कॉलेजला मेट्रो धरायची, शेवटच्या स्टेशनला उतरलं की तुमची बस असते. त्या दिवशी मी परत आले तर हे घरी येऊन पेपर वाचत होते, कुठे होतीस म्हणून विचारलं नाही. देवळात म्हणून सांगायचं ठरवलं होतं, पण वेळच आली नाही.

तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस.

अक्कामावशी


कनकपुरा रस्ता
२० ऑगस्ट २०२५

ती. अक्कामावशी,

पास मिळाला ना? मंगळवारी मी साउंडच्या खोलीत अडकलेला असतो, खाली यायला जमत नाही. पण यशश्री सांगते की तिसऱ्या रांगेतल्या आजी सगळ्यात मोठ्यानं ओरडतात. कमळात बसून तिला आवाज ओळखू येतो म्हणे. मी तिला काही सांगितलेलं नाही.

या महिन्यात बोर्ड पुन्हा बदललाय, तू पाहिला असशील. आता 'ड्रीम मेला'. घाबरू नकोस, आत सगळं तेच आहे. त्यावरून एक गंमत. गेटवर हयवदन म्हणून सिक्युरिटीचा माणूस आहे, त्यानं सांगितली. एक म्हातारे गृहस्थ येतात, कधी बोलत नाहीत. काळी छत्री असते, ती आत नेऊ देत नाहीत म्हणून गेटवर ठेवून जातात. शेवटच्या रांगेत बसतात, ओरडत नाहीत, टाळी वाजवत नाहीत, कागद उडायच्या आधी उठून निघतात. तर बोर्ड बदलला त्या दिवशी ते दारात थबकले आणि हयवदनला म्हणाले, नाव बदललंय, मुलगी तीच आहे ना? तो हो म्हणाला तेव्हा आत गेले. मला बरं वाटलं. एक तरी प्रेक्षक बोर्डाला फसला नाही.

आता खरी बातमी. रंगलोक नव्या मालकानं घेतलंय. त्याला सगळं नवं हवंय, नुसता बोर्ड नाही. नवं रेकॉर्डिंग, नवा खेळ, आणि तो मी लिहायचाय. मावशी, मला किती वर्षांनी झोपेतून उठल्यासारखं वाटतंय. राक्षस उडवला, ससा उडवला. मुलगी हरवते. लोक हाका मारतात, पहिली, दुसरी, तिसरी. कमळ उघडतं आणि आत कुणी नसतं. कागद नाहीत, नाच नाही. त्या रिकाम्या कमळासमोर लोक बसलेले आहेत आणि हळूहळू दिवे येतात. ओरडलं की माणसं परत येतात, हे मुलांना किती दिवस शिकवायचं? मला एकदा तरी खरं लिहायचंय. या जागेत हे झालं तर पुढची दहा वर्षं बोर्ड बदलत बसायला माझी हरकत नाही.

तुला वाचून दाखवायला येईन.

शंतनु


बसवनगुडी
२८ ऑगस्ट २०२५

चि. शंतनु,

नको रे.

तू हुशार आहेस, तुला नवीन काहीही लिहिता येईल. दुसरं काहीतरी हरवू दे. उजेड हरवू दे, हत्ती हरवू दे, राजाचा मुकुट हरवू दे. तिला येऊ दे. तिसऱ्या हाकेला ती येते, एवढ्यावर माझा मंगळवार ते मंगळवार जातो. तुला ते खोटं वाटतं, मलाही ठाऊक आहे ते खोटं आहे, तोंडाला चंदेरी रंग लावलेली नागपूरची मुलगी आहे. पण ती येते.

रिकामं कमळ मला दाखवू नकोस. माझ्या घरात तिची खोली आहे. तिथे पलंगावर रोज चादर बदलते मी. रिकामं कसं दिसतं ते मला तिकीट काढून बघायची गरज नाही.

एवढं माझ्यासाठी कर. पाया पडते म्हटलं असतं, पण तू लहान आहेस.

अक्कामावशी


कनकपुरा रस्ता
६ सप्टेंबर २०२५

ती. अक्कामावशी,

तुझं पत्र खिशात घेऊन आठवडाभर फिरलो. तीनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं.

तू मला काय मागतेस ते तुला कळतंय का? मी इथे आलो तेव्हा तिशीचा होतो. आईला सांगितलं, दोन वर्षं पैसे कमावतो आणि परत येऊन नाटक करतो. आता माझ्यासोबतची मुलं मोठमोठ्या थिएटरात नाटकं लावतात आणि मला फोन करून विचारतात, तुमच्याकडे सशाचा ड्रेस भाड्यानं मिळेल का. मी हसतो आणि हो म्हणतो. ही एक संधी आलीय. ही गेली तर मी यापुढे काही लिहीन असं मला वाटत नाही. मला माझी भीती वाटायला लागलीय, मावशी. मागच्या महिन्यात आईच्या वाढदिवसाच्या कार्डावर मी 'स्वप्नांचा उत्सव' असं लिहिलं आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

आणि एक बोलतो, राग येऊ दे. नाव मी बंद केलेलं नाही. ते तुझ्या घरात अण्णांनी बंद केलं आणि तू चार वर्षं गप्प बसलीस. तुला सुखदा हवी असेल तर अण्णांकडे माग. माझ्याकडे मागू नकोस.

शंतनु


कनकपुरा रस्ता
३० ऑक्टोबर २०२५

ती. अक्कामावशी,

तू उत्तर दिलं नाहीस, ते बरोबरच आहे. यशश्री म्हणते तू दर मंगळवारी येतेस, पण आता ओरडत नाहीस, नुसती उभी राहतेस. शेवटचं जे लिहिलं ते लिहायला नको होतं. खरं असलं तरी ते मी सांगायचं नव्हतं.

पुढचं ऐक. मी मुंबईला गेलो, नाटक वाचून दाखवलं. सगळे गप्प ऐकत होते आणि मला वाटलं, जमलं. मग मोठे साहेब म्हणाले, सुंदर, डोळ्यांत पाणी आलं, फक्त आपण शेवटी मुलगी आणूया. कुणीतरी म्हणालं, आणि राक्षस हवा, मुलांना राक्षस लागतो. सशाचे मास्क दुकानात खपतात, म्हणून ससा परत आला. दुपारच्या जेवणापर्यंत सगळा जुना खेळ माझ्या कागदांवर परत उभा राहिला होता. मी नुसता बघत होतो.

तेव्हा मला तू आठवलीस. मी म्हटलं, सगळं तुमच्या मनासारखं करा, माझं एक वाक्य ठेवू नका, फक्त मुलीचं नाव सुखदा राहू द्या. मी हात जोडले, मावशी, त्या टेबलाशी उभा राहून. त्यांनी नीट समजावून सांगितलं. मुलीची बाहुली काढायची आहे, तिच्या चित्राचा शाळेचा डबा काढायचा आहे. त्यासाठी असं नाव लागतं जे कंपनीच्या मालकीचं होऊ शकतं. सुखदा हे खऱ्या माणसाचं नाव आहे, त्याची मालकी घेता येत नाही. त्यामुळे तिचं नाव आता ट्विंकी. खेळाचं नाव 'ड्रीम उत्सव'.

म्हणजे माझं नाटक गेलं आणि तुझं नावही गेलं. तुझं ऐकून मी पहिल्यापासून नावासाठी भांडलो असतो तर कदाचित ते तरी वाचलं असतं. ते मी स्वतःच्या हट्टात घालवलं. राजीनामा लिहून खिशात ठेवलाय. तो देऊन पुण्याला जाऊन करू काय, ते कळत नाही म्हणून देत नाही. सकाळी उठायचं कशासाठी हेच कळेनासं झालंय.

जुन्या आवाजाचा शेवटचा खेळ मंगळवार, ११ नोव्हेंबरला दुपारी आहे. त्यानंतर ते रेकॉर्डिंग पुसून टाकणार. तुला एक प्रत देता येईल का म्हणून विचारलं, तर कंपनीची मालमत्ता आहे म्हणाले. तू म्हणालीस तर मी चोरून आणतो. नाहीतरी आता मला कुणी काढून टाकलं तर सुटल्यासारखंच होईल. तू फक्त ये. आणि त्या दिवशी तरी ओरड.

शंतनु


बसवनगुडी
१३ नोव्हेंबर २०२५

चि. शंतनु,

रेकॉर्डिंग चोरू नकोस. लागणार नाही. का ते सांगते, पण मला क्रमानंच सांगता येतं, तेव्हा धीर धर.

तुझ्या त्या पत्राचा मला फार राग आला होता. खरं बोललास म्हणूनच आला. यांच्याकडे मागायचं मी रोज ठरवायची आणि ताटात भात वाढून परत यायची. म्हणून मांडवातसुद्धा तोंडातून आवाज निघेना. इथे ओरडते आणि घरी मूग गिळून बसते, याची लाज वाटायला लागली.

मंगळवारी आले होते. तुझं ऐकलं, पहिल्या हाकेपासून ओरडले. तिसरीला घसा फुटला. कमळ उघडलं, यशश्री आली, आणि शंतनु, ती मुलगी माझ्याकडे बघून रडत होती. तू सांगितलंस ना तिला? असू दे. कागद उडाले, लोक नाचले, लोक गेले. मी बसून राहिले. झाडणारी बाई आली आणि म्हणाली, अम्मा, आयतु. संपलं म्हणून.

घरी आले तर हे नेहमीसारखे खुर्चीत, हातात पेपर. दिवेलागण झालेली. मी हातपाय धुतले, देवाशी दिवा लावला, आणि तशीच बाहेर फाटकात गेले. उद्यापासून कुठे मारू हाक, एवढंच डोक्यात होतं. फाटक धरलं आणि मारली. सुखदा, बारे.

समोर कॉफी प्यायला माणसं उभी होती, ती वळून बघायला लागली. अंबुबाई गॅलरीत आल्या. मी दुसरी मारली. मग तिसरी मारता येईना. तिसरीला ती येते ना रे. तिसरी मारली आणि ती आली नाही, तर पुढे काय करायचं? तुझ्या खेळात चौथी हाक नाहीच.

मागे चपला वाजल्या. हे बाहेर आले होते. आता काय ते ऐकून घ्यायचं म्हणून मी डोळे मिटले. हे म्हणाले, अजून एक राहिली. तीनदा असतं ते.

मी वळून बघितलं. यांच्या शर्टाच्या कॉलरमागे चंदेरी कागदाचा तुकडा अडकला होता.

तुझा तो छत्रीवाला म्हातारा. पत्रात वाचून मी हसले होते रे, वाटलं, आमच्या यांच्यासारखाच कुणी असेल. काळी छत्री काय, बसवनगुडीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे असते. मी कुठे जाते ते बघायला हे जूनमध्ये माझ्यामागून आले होते, आणि मग दर मंगळवारी. माझ्या आधी घर गाठायचं म्हणून कागद उडायच्या आधी उठायचे. परवा शेवटचा खेळ आहे असं गेटवर कळलं, म्हणून शेवटपर्यंत थांबले. मग ऑटो करून माझ्यापुढे आले. हे मला म्हणाले, मीच बंद केलेलं नाव, मी कुठल्या तोंडानं ओरडू. तू ओरडायचीस, मी मागे बसून ऐकायचो.

चार वर्षं मी यांना दगड म्हणत होते. मनात, पण म्हणत होते.

मी म्हटलं, मग तिसरी तुम्ही मारा. अंबुबाई, कॉफीवाले, सगळे बघताहेत. मग यांनी फाटकाला हात लावला. आधी नुसती हवा आली, मग नाव आलं. सुखदा, बारे. यांचा आवाज इतका मोठा आहे हे मी विसरूनच गेले होते.

कुणी आलं नाही. एक ऑटोवाला थांबला, एल्लिगे, म्हणाला, कुठे जायचं म्हणून. यांनी त्याला हात हलवून जायला सांगितलं. मग आम्ही पायरीवर बसलो. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं, जळल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही. ती आली नाही म्हणून मला खूप रडू आलं आणि हेही रडले. मी एकटी रडत नव्हते, एवढाच काय तो फरक. फाटक रात्रभर उघडं ठेवलं होतं.

आता तुझं. तो राजीनामा दे नाहीतर फाड, पण खिशात घेऊन हिंडू नकोस, माणूस वाकडा होतो. आणि ते नाटक परत लिही. त्यांच्यासाठी नको, तुझ्यासाठी. मी नको म्हणाले होते ते चुकलं माझं. कमळ रिकामं निघतं, शंतनु, तू बरोबर होतास. फक्त रिकामं दाखवलंस की लोकांना लगेच घरी पाठवू नकोस. थोडा वेळ पायरीवर बसू दे.

तिचा नंबर ज्याच्याकडे गेलाय त्या माणसाचं नाव काय म्हणून हे विचारत होते. त्यालाच एकदा भेटून येऊ म्हणतात. काय उपयोग, मी म्हटलं. तरी जाणार आहेत. तो नंबर कळव.

आणि यापुढे पत्र घरच्या पत्त्यावर टाक, अंबुबाईंना उगाच त्रास नको. आत तिचं नाव लिहिलंस तरी चालेल. हे मोठ्यानं वाचून दाखवतील.

तुझी,
अक्कामावशी